मदत हवी आहे: क्लिनिकमधले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दरवेळी एकसारखे कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधल्या एका कॉस्मेटिक सर्जरी क्लिनिकमध्ये मी काम करते. ओपीडी, पेशंटच्या फायली आणि ऑपरेशनच्या आधीचे-नंतरचे फोटो माझ्याकडे असतात. फोटोग्राफी शिकलेली नाही. इथे कॅमेऱ्यातली जाणती माणसं आहेत, काही डॉक्टरही लिहितात, म्हणून विचारते.

परवा एका काकूंची फाइल उघडली. हनुवटीखालची चरबी काढलेली केस. आधीच्या फोटोत मान किंचित खाली, डोक्यावर ट्यूबलाइट, गळ्याशी गडद सावली. सहा महिन्यांनंतरच्या फोटोत हनुवटी बोटभर वर आणि खिडकीचा उजेड थेट समोरून. फरक झकास दिसतो, पण त्यातला किती सरांच्या हाताचा आणि किती मानेच्या कोनाचा, हे काही केल्या कळेना. म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीला उभं केलं. एक फोटो मान खाली घालून, एक हनुवटी पुढे काढून. काहीही न करता तिची दुहेरी हनुवटी निम्मी गेली! काकूंचे फोटो बघून उद्या दुसरी बाई ऑपरेशनचा निर्णय घेणार. ते आपल्या बाजूनेही खोटे असता कामा नयेत, असं मला मनापासून वाटतं. सरांचंही तेच म्हणणं आहे.

आमची खोली साधारण आठ बाय दहा फुटांची, एका भिंतीला खिडकी. मे महिन्यात तिथून भगभगीत ऊन येतं, जुलैत दुपारी तीनलाच अंधारून येतं. कुणाचा 'आधी' उन्हाळ्यातला आणि 'नंतर' पावसाळ्यातला असला की कातडीचा रंगच बदलतो. वांगाच्या डागांची ट्रीटमेंट असेल तर मग काय बघायचं? गुरुवारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर एकच ट्यूब. जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ची किट लेन्स. पण घाईत सगळे मोबाइलच काढतात.

विचारायचंय ते असं: मोबाइल पुरेल का? खिडकीचं काय करू? पेशंटचं डोकं दोन्ही वेळा त्याच कोनात कसं आणायचं? आणि मानेचे फोटो काढताना मंगळसूत्राचं काय करता? काढा म्हटलं की बऱ्याच जणी नको म्हणतात, आणि मलाही आग्रह करवत नाही.

प्रतिसाद

ताई, मी लग्नाचे आणि प्रॉडक्टचे फोटो काढतो, वैद्यकीय अनुभव नाही. पण उजेड आणि लेन्सचं सांगू शकतो.

मोबाइल बाजूला ठेवा. त्याची मुख्य लेन्स साधारण २४-२६ मिमीची, म्हणजे वाइड. चेहरा फ्रेममध्ये भरायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की नाक मोठं, कान मागे. २०१८ मध्ये 'जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी' या नियतकालिकात याचं गणित मांडलं होतं: एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. नाकाच्या ऑपरेशनचा 'आधी' फुटावरून आणि 'नंतर' चार फुटांवरून काढला, तर नाक ऑपरेशनशिवायच बारीक होईल. शिवाय फोन स्वतःच्या मनाने त्वचा गुळगुळीत करतो, ते वेगळंच.

तुमच्या किट लेन्सचं ५५ मिमीचं टोक क्रॉप सेन्सरवर ८० च्या आसपास पडतं. चेहऱ्याला चालेल. झूमची रिंग तिथे नेऊन चिकटपट्टी लावा, कुणी फिरवायलाच नको. ट्रायपॉडच्या पायांच्या जागा आणि स्टूलची जागा फरशीवर टेपने आखा, मध्ये चार फूट. पोटाचे किंवा कमरेचे फोटो असतील तर त्या खोलीत मागे सरकायला जागा पुरणार नाही. तेव्हा ३५ मिमी वापरा आणि शरीराला कायम ३५च.

खिडकीला ब्लॅकआउट पडदा, ट्यूब बंद. दोन सारखे सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारे दिवे), दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर. एलईडी घेणार असाल तर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वरचे बघा. कॅमेरा मॅन्युअलवर: एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरलेला, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ५५०० केल्विनच्या आसपास पक्का, ऑटो अजिबात नको. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (ठरलेल्या करड्या रंगाचं कार्ड) धरा, रंगाचा वाद मिटतो. मागे रविवार पेठेतून आणलेलं साधं मॅट निळं कापड, पेशंट त्याच्या दोन फूट पुढे, म्हणजे सावली कापडावर पडणार नाही. रिंग लाइट कुणी सुचवला तर घेऊ नका. तो सुरकुत्या आणि खड्डे पुसून टाकतो.

प्रतिसाद

प्लास्टिक सर्जन आहे. वरचं सगळं पटलं, एक भर घालतो: मुरुमांचे व्रण किंवा लायपोसक्शननंतरचा (नळीने चरबी ओढून काढल्यानंतरचा) उंचसखलपणा दाखवायचा असेल तर दोन्हीकडून सपाट उजेड पाडला की ते दिसतच नाही. तिथे एका बाजूचा दिवा बंद करून एक जादा फोटो घ्या, आणि 'नंतर'च्या वेळी तोच दिवा बंद.

डोक्याच्या कोनासाठी आम्ही फ्रँकफर्ट रेषा वापरतो. कानाच्या छिद्राचा वरचा काठ आणि डोळ्याच्या खोबणीचा खालचा काठ यांना जोडणारी रेषा जमिनीला समांतर हवी. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ग्रिड चालू केलं की बाजूच्या फोटोत ती लगेच तपासता येते. समोरच्या भिंतीवर पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीला ठिपका लावा, नजर तिथे. कॅमेराही तेवढ्याच उंचीवर. वळताना मान वळवू देऊ नका, कारण मान वळली की गळ्याची कातडी ताणली जाते. फिरतं स्टूल ठेवा आणि फरशीवर ४५ व ९० अंशांच्या खुणा करून पावलं त्या दिशेने वळवायला सांगा. तिरक्या फोटोत नाकाचं टोक पलीकडच्या गालाच्या कडेला टेकलेलं दिसलं पाहिजे. पूर्ण बाजूच्या फोटोत पलीकडची भुवई दिसता कामा नये.

'नंतर'च्या दिवशी जुना फोटो टॅबवर उघडून कॅमेऱ्याशेजारी ठेवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

मंगळसूत्र काढायला लावू नका. वाट्या पाठीकडे फिरवा, दोन्ही वेळी तसंच. टिकली, काजळ, चष्मा मात्र नाही. केस हेअरबँडने मागे. नाकाच्या केसमध्ये सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा १, ३, ६ आणि १२ महिने असं वेळापत्रक लावा आणि फोटोवर तारीख लिहा.

संमती दोन वेगवेगळ्या कागदांवर घ्या: एक नोंदीसाठी, दुसरी फोटो बाहेर दाखवण्यासाठी. भारतीय वैद्यक परिषदेच्या डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापता येत नाही, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. स्टाफच्या खासगी मोबाइलमध्ये तर हे फोटो असूच नयेत. ते आपोआप क्लाउडवर चढू शकतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पडद्याचं माप आजच घेतलं, फरशीवर टेप उद्या लावते. दुसऱ्या संमतीपत्राचा मसुदा सरांना दाखवलाय. काकूंच्या जुन्या फोटोंबद्दल सर म्हणाले, ते फाइलमध्येच राहू देत, कुणाला दाखवायचे नाहीत.

एक शंका उरली. पाठीला त्रास असलेल्या किंवा वयस्कर पेशंटना ताठ बसवत नाही, मग डोकं आपोआप पुढे येतं. त्यांची रेषा कशी जुळवता? स्टूलऐवजी पाठ टेकायची खुर्ची चालेल का?