मे महिन्यात न टिकणाऱ्या ओव्हरक्लॉकला स्टेबल म्हणायचं का?

पंखेवाला (धागाकर्ता)
जानेवारीत ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला: रायझन ५ ३६०० (एएमडीचा प्रोसेसर) सगळ्या सहा कोअरवर, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांवर, ४.३ गिगाहर्ट्झला लॉक केला, १.३ व्होल्टवर. रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) चालवलं, तापमान ७८ च्या वर गेलं नाही. मित्रांना स्क्रीनशॉट पाठवून झाले. मे उजाडला आणि त्याच सेटिंगवर गेम लोड होताना निळा स्क्रीन. आम्ही परळला शेवटच्या मजल्यावर राहतो, स्लॅब दिवसभर तापतो. खोलीत ३५ अंश, चाचणी लावली तर वीस मिनिटांत ८८. जानेवारीत खोली २५ होती. खोली दहाने तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
आता ४.२ आणि १.२५ व्होल्ट. दोन आठवडे एकही क्रॅश नाही. माझं मत: ओव्हरक्लॉक जरूर करा, पण मुंबईत त्याची परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी, एसी बंद ठेवून घ्या.

हिशेबनीस
असहमत. ४.२ बूस्ट (प्रोसेसर आपणहून गाठतो तो कमाल वेग) तर खोक्यावरच छापलेलं असतं, मग मिळवलं काय?

पंखेवाला
ते एखाद्या कोअरचं हो. सहाही कोअर राबायला लागले की माझा आपणहून ४.० च्या आसपास बसतो.

हिशेबनीस
बरं, ४.० धरू, १.२ व्होल्टला. वीज वाढते फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. तुमच्या जानेवारीच्या पराक्रमात वेग वाढला साडेसात टक्के, वीज आणि उष्णता साधारण २६ टक्के. आताच्या सेटिंगला ५ टक्क्यांसाठी १४. आणि ती उष्णता जाणार कुठे? त्याच ३५ अंशांच्या खोलीत. घरचे काही म्हणत नाहीत का?

गिरगावकर काका
साडेसात टक्के! अरे आम्ही सेलेरॉन ३००ए घेतला होता लॅमिंग्टन रोडवरून. १९९८ चा प्रोसेसर. बस (प्रोसेसरला बोर्डशी जोडणारा मार्ग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५०. दीडपट! तेव्हा कंपन्या बरंच काही शिल्लक ठेवायच्या. आता कारखान्यातूनच पिळून पाठवतात, तुम्ही चोथा पिळताय. चालू द्या, हौसेला मोल नाही.

एडिटिंग_वहिनी
हौस असेल तर ठीक, पोटापाण्याच्या मशीनवर नको. माझ्याकडे क्रॅश झालाच नाही, तेच वाईट झालं. लग्नाची फिल्म व्यवस्थित रेंडर झाली, फाइल दिली. अंतरपाट दूर होतो नेमक्या त्या फ्रेमवर हिरवे चौकोन, आणि ते आधी नवरीच्या आईला दिसले. सगळं डीफॉल्ट करून पुन्हा रेंडर केलं, चौकोन गायब. निळा स्क्रीन निदान सांगून तरी येतो. त्या दिवसापासून बायोसला (ही सेटिंग जिथे बदलतात त्या मेन्यूला) हात नाही.

थर्मलपेस्ट
वहिनी, तुमचं पटतं, पण दोष घाईचाही असू शकतो. एकदम ३०० मेगाहर्ट्झ चढवायचेच नाहीत. आधी रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) बंद, म्हणजे चूक रॅमची की प्रोसेसरची हे कळतं. मग मल्टिप्लायर (मूळ वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) पाव-पावने वाढवा, दर वेळी अर्धा तास चाचणी. कोसळला तरच व्होल्टेज थोडं वाढवा. ३६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, मी ८५ ला थांबतो. बायोस बदलण्याआधी क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसची सेटिंग पुसून मूळ करणाऱ्या पिना) मदरबोर्डवर कुठे आहे ते बघून ठेवा, नंतर काळोखात मोबाइलच्या टॉर्चने शोधावा लागतो (अनुभव).
इंटेलवाल्यांनी नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेटचा बोर्ड आहे का ते पाहावं, नाहीतर मल्टिप्लायर वाढणारच नाही. वॉरंटीच्या अटीही वाचा, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा त्यात बसत नाही.

उलटी_गंगा
तुम्ही सगळे व्होल्टेज चढवताय, मी उतरवतो. रायझन ५ ५६००एक्सवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग), सगळ्या कोअरना उणे १५. कमी व्होल्टेज, कमी उष्णता, म्हणून तो आपणच जास्त वेळ वरच्या बूस्टला टिकतो. मुंबईच्या हवेला हेच मानवतं.

हिशेबनीस
हे मला मान्य आहे. पहिल्यांदाच या धाग्यावर कुणीतरी वीज वाचवली.

थर्मलपेस्ट
थांबा, त्यातही गोम आहे. उणे जास्त झालं तर प्राइम९५ सगळ्या कोअरवर बिनधास्त पास होतं आणि मशीन कोसळतं नुसतं ब्राउझर उघडताना. हलक्या कामात एकच कोअर सर्वात वर उडी मारतो आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. एकेका कोअरची वेगळी चाचणी घ्या.

उलटी_गंगा
अच्छा! म्हणून रात्री डाउनलोड लावून झोपलो की सकाळी रीस्टार्ट झालेला दिसतो. मी वॉचमनला दोष देत होतो, मीटर रूममध्ये काहीतरी खुडबुड करतो म्हणून. उणे १० करून बघतो.

पंखेवाला
वहिनी, रविवारी दुपारी अडीचला एसी बंद करून बसतो. ती लग्नाची फाइल द्या, माझ्या ४.२ वर रेंडर करून फ्रेम न् फ्रेम तपासू.

एडिटिंग_वहिनी
क्लायंटची फाइल बाहेर देत नाही. माझ्या मुलाच्या मुंजीची देते, त्यात चौकोन आले तरी चालतील.