शब्दचर्चा: 'टीटीएफ-१ पॉझिटिव्ह' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न:
वडिलांच्या फुप्फुसातल्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट आलाय. 'टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, नॅप्सिन-ए पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह.' टीटीएफ म्हणजे थायरॉइड ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, त्यातला पहिला टी थायरॉइडचा आहे म्हणे. मग गाठ थायरॉइडमधून आली का? आणि मराठीत 'टीटीएफची अँटिबॉडी सापडली' असं म्हणायचं का?

उत्तर:
पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून लिहिते. सापडली ती अँटिबॉडी नव्हे. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, आम्ही बाहेरून काचपट्टीवर टाकतो. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात. प्रतिपिंड त्यातल्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि पुढच्या रसायनाने तिथे तपकिरी रंग उमटतो. पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींनी रंग घेतला. 'होकारार्थी' हा प्रतिशब्द इथे अजिबात चालत नाही.

रंग कुठे आला हेही बघावं लागतं. टीटीएफ-१ चा केंद्रकातच हवा. नॅप्सिन-ए चा पेशीद्रवात, दाणेदार दिसतो.

नाव थायरॉइडचं पडलं, कारण थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडमधल्या प्रथिनाचं जनुक चालू करणारं प्रथिन म्हणून ते आधी ओळखलं गेलं. फुप्फुसात तेच प्रथिन सर्फॅक्टंटची जनुकं चालवतं. वायुकोश मिटू न देणारा द्रव तो हाच. त्यामुळे नुसत्या टीटीएफ-१ वरून दोन्ही अवयव वेगळे करता येत नाहीत.

प्रश्न:
मग वेगळे कशावरून करता?

उत्तर:
जोडीच्या मार्करवरून, म्हणजे अशाच रंगवून बघायच्या इतर प्रथिनांवरून. शंका थायरॉइडची असेल तर थायरोग्लोब्युलिन आणि पॅक्स-८ लावतो. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथीसारख्या पेशींच्या कर्करोगात) हे दोन्ही सहसा रंग घेत नाहीत. थायरॉइडच्याच कर्करोगाच्या मेड्युलरी प्रकारात मात्र थायरोग्लोब्युलिन निगेटिव्ह येतं, तिथे कॅल्सिटोनिन बघायचं. अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार सगळ्यात कठीण: टीटीएफ-१ आणि थायरोग्लोब्युलिन दोन्ही बहुधा हरवलेली असतात, पॅक्स-८ काही वेळा टिकतं.

तुमच्या रिपोर्टमधली तिन्ही उत्तरं मिळून फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाकडे बोट दाखवतात. पी४० हा स्क्वॅमस या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकाराचा मार्कर आहे, तो निगेटिव्ह आहे. अर्थात निदान मार्करच्या यादीवर ठरत नाही. पेशींची ठेवण, स्कॅन आणि थायरॉइडची तपासणी सोबत धरूनच डॉक्टर सांगतील.

आणखी एक भर:
'निगेटिव्ह' शब्दालाही जपा. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमांपैकी साधारण चौथा हिस्सा टीटीएफ-१ निगेटिव्ह असतो, म्हणून निगेटिव्ह आलं की फुप्फुसाचा नाहीच, असा अर्थ लावू नये.

आणि ठोकळ्यात तुकडा किती उरलाय ते लॅबमध्ये आजच विचारून ठेवा. ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकांच्या तपासण्यांना तोच लागतो, आणि औषध कुठलं द्यायचं हे बरंचसं त्यांवर ठरतं.