‘निरपेक्ष दारिद्र्य’ हा शब्द वाचकाला नेमके काय सांगतो? (चर्चामंचावरील संवाद, प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

वहीपान

गेले तीन महिने मी ब्रिटनमधील दारिद्र्यावरच्या एका अभ्यासग्रंथाचे भाषांतर करीत आहे. श्रीमंत देशातल्या गरिबाची आणि आपल्यासारख्या देशातल्या गरिबाची तुलना कोणत्या मापाने करावी, हा त्याचा मुख्य विषय आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रुळलेले ‘निरपेक्ष दारिद्र्य’ (जगण्याच्या किमान गरजाही न भागणे) आणि ‘सापेक्ष दारिद्र्य’ (आसपासच्यांच्या तुलनेत कमी असणे) हे शब्द मी निःशंकपणे वापरले होते. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी परवा पाने परत पाठवली, तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलेले होते : “निरपेक्ष म्हणजे ज्याला कसलीच अपेक्षा नाही ते. हे संतांचे दारिद्र्य आहे का?” ते वाचून मी थबकले. आपण निरपेक्ष सेवा म्हणतो, निरपेक्ष प्रेम म्हणतो. मग ज्याला दोन वेळच्या भाकरीची आस आहे, त्याच्या दारिद्र्याला तोच शब्द लावताना इतकी वर्षे कोणालाच कसे खटकले नाही?

दुसरी खूण त्याहून अवघड ठिकाणी होती. ग्रंथात एक आई आहे. तिच्या घरात फ्रिज आहे आणि मुलाकडे फोन आहे. विजेचा मीटर मात्र आगाऊ पैसे भरून चालणारा आहे, आणि ते पैसे संपले की घर अंधारात व थंडीत जाते. शाळेची सहल निघाली की ती मुलगा आजारी असल्याचे कळवते. येथे बाईंनी ‘गरीब’ हा शब्द खोडून ‘तंगीत असलेली’ असे सुचवले आहे. फ्रिज असलेल्या बाईला गरीब म्हटलेले मराठी वाचकाला पटणार नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही खुणांवर जाणकारांचे मत हवे आहे.

धातुरूप

मुद्रितशोधक बाईंची शंका प्रामाणिक आहे, परंतु शब्दाचा दोष नाही. ‘अपेक्षा’ या शब्दात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. एखाद्या गोष्टीकडे नजर ठेवून, तिच्या संबंधाने, हा त्याचा जुना अर्थ असून ‘आस’ हा अर्थ त्याच्या शेजारी नांदतो. या जुन्या अर्थाचा पुरावा आपण दिवसातून पन्नास वेळा तोंडाने देतो. ‘रामापेक्षा श्याम उंच’ यातील ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय ‘अपेक्षा’पासूनच आलेले आहे. म्हणून सापेक्ष दारिद्र्य म्हणजे ज्याच्या पोटात ‘पेक्षा’ आहे ते : शेजाऱ्यापेक्षा, गावापेक्षा, देशातल्या मधल्या माणसापेक्षा कमी असणे. निरपेक्ष म्हणजे ज्यात ‘पेक्षा’ नाही ते. याहून नेमका शब्द कोणत्याही भाषेत मिळणे कठीण आहे. वाचकाला तो कळत नसेल तर वाचकाला शिकवावे, शब्द बदलू नये.

तळटीप

‘पेक्षा’ची व्युत्पत्ती सुंदर आहे आणि मी ती वर्गात सांगेन, परंतु वाचक व्युत्पत्ती वाचत नाही, शब्द वाचतो, आणि रूढ अर्थ त्याच्या मनात आधी उभा राहतो. शिवाय त्या मापात खरोखर ‘पेक्षा’ नाही का, हेही पाहायला हवे. जागतिक बँकेने १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर ही रेषा मांडली. ती बदलत बदलत जून २०२५ मध्ये तीन डॉलरवर आली. (हे डॉलर बाजारातल्या विनिमय दराने गुणायचे नसतात, अमेरिकेत तेवढ्या पैशांत जे येते, ते येथे विकत घ्यायला लागणारे रुपये मोजायचे असतात.) ही रेषा ठरते कशी, तर सर्वांत गरीब देशांनी आपापल्या लोकांसाठी आखलेल्या रेषा एकत्र ठेवून त्यांतली मधली घेतली जाते. म्हणजे जिला आपण निरपेक्ष म्हणतो तिच्याही मुळाशी माणसांनी केलेली तुलना आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक हे माप धरले, आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार त्याचा हिशेब ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये असा मांडला. तेच माप घ्यायचे असेल तर सरळ ‘पोटाचे दारिद्र्य’ म्हणावे. ते प्रत्येकाला समजते.

धातुरूप

‘पोटाचे दारिद्र्य’ हा शब्द शास्त्रीय लेखनात चालणार नाही. निवारा, औषध आणि पाणी हेही त्या मापात येतात. त्यांना पोटात कसे बसवणार?

दुधनाकाठ

मी जालना जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. वहीपान ताई, तुमच्या दुसऱ्या खुणेबद्दल लिहितो, कारण मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. आमच्या भागात ज्याला गरीब म्हणतात त्याचे पोट हातावर असते. पाऊस लांबला की ऊसतोडीची उचल आधीच खाऊन झालेली असते, आणि घरातली म्हातारी सुनेच्या ताटात किती उरले हे पाहून मग स्वतः जेवते. अशा घरांत मी चाळीस वर्षे पोरांची हजेरी मागत फिरलो. फ्रिज, फोन आणि सरकारी दवाखाना असलेल्या आईलाही आपण तोच शब्द दिला, तर या म्हातारीसाठी कोणता शब्द उरतो? मला त्या आईच्या दुःखाविषयी शंका नाही. परंतु एकच शब्द दोघींना पुरवला की ज्या बाईकडे कमी आहे तिच्याच वाट्याचा अर्थ पातळ होतो.

लेस्टरकर

गुरुजी, आपला प्रश्न मला फार लागला, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका फूड बँकेत शनिवारी काम करते. चिठ्ठी घेऊन आलेल्या कुटुंबाला आम्ही तीन दिवसांचा शिधा देतो. गेल्या हिवाळ्यात एका गृहस्थाने पिशवी उघडून पाहिली, तांदळाची आणि कडधान्याची पाकिटे बाहेर काढली आणि माझ्यासमोर नीट रचून ठेवली. मला वाटले, त्याला आवडत नसावीत. तो हलक्या आवाजात म्हणाला की मीटरमध्ये पैसे नाहीत, त्यामुळे शिजवता येणार नाही. थंडच खाता येईल असे काही असेल तर द्यावे. अशा लोकांसाठी तेथे वेगळी पिशवी करण्याची पद्धत आहे : नुसत्या उकळत्या पाण्यावर होणारी एक, आणि तेही नसेल त्यांच्यासाठी दुसरी. त्याच्या घरात चुलीचे चार बर्नर होते आणि कदाचित फ्रिजही असेल. त्या दिवशी त्यांचा उपयोग काय होता?

माझे माहेर परभणीकडचे आहे. आजीच्या घरी रॉकेल संपले तर काटक्या गोळा करून तीन दगडांवर भात होत असे. लेस्टरमधल्या तिसऱ्या मजल्यावर काटक्याही नाहीत आणि दगडही नाहीत. तेथे प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते, आणि विकत न घेता जगण्याची वाट मोकळी ठेवलेली नाही. आजी अधिक गरीब होती यात मला शंका नाही. पण तांदूळ परत करणाऱ्या त्या माणसाला ‘तंगीत’ म्हणणे मला खोटे वाटते. तंगी महिनाअखेरीस येते आणि पगाराबरोबर जाते.

धातुरूप

ताई, अनुभव हृदय हलवणारा आहे. केवळ शब्दापुरते सुचवतो : ‘फूड बँक’साठी ‘अन्नपेढी’ हा चांगला मराठी शब्द आहे.

तळटीप

पेढी म्हटले की देवघेव आली, आणि खेड्यात पेढी म्हटले की आजही सावकार आठवतो. जेथे काही परत करायचे नसते त्या जागेला पेढी म्हणणे बरोबर नाही. ‘फूड बँक’ राहू द्यावे. रक्तपेढी आपण स्वीकारली म्हणून प्रत्येक बँकेची पेढी करण्याची गरज नाही.

वहीपान

लेस्टरकर ताई, तुमचा शनिवारचा प्रसंग वाचून मला ग्रंथातलेच एक प्रकरण नव्याने कळले. समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरातल्या कामगारांची घरोघर पाहणी केली. केवळ शरीर चालू ठेवायला किती पैसे लागतात याचा हिशेब त्यांनी मांडला, आणि मग त्या हिशेबाचा अर्थ काय होतो हे स्वतःच लिहिले : अशा कुटुंबाने बसने जायचे नाही, अर्ध्या पेनीचे वर्तमानपत्र घ्यायचे नाही, दूर गेलेल्या मुलांना पत्र लिहायचे नाही, कारण टपालाला पैसे नाहीत. त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये आला. त्याच वर्षी दादाभाई नौरोजींचा भारतातील दारिद्र्यावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दादाभाईंनी तर १८७६ सालीच मुंबईत वाचलेल्या निबंधात तुरुंगातल्या कैद्याच्या पोटापाण्याचा खर्च हेच माप धरून, सामान्य भारतीयाला तेवढेही मिळत नाही, हे दाखवले होते. एकीकडे टपाल हंशील, एकीकडे कैद्याचा शिधा. माझा सगळा ग्रंथ या दोन मापांच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेसाठी माझ्याकडे शब्द नाही.

राउंट्रींच्या ग्रंथाआधी सव्वाशे वर्षे, १७७६ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी लिहून ठेवले आहे की ग्रीक-रोमन लोक लिननच्या सदऱ्यावाचून सुखात राहत असावेत, परंतु त्यांच्या काळातल्या युरोपात साध्या रोजंदार मजुरालाही तसा सदरा अंगात नसताना लोकांसमोर यायला लाज वाटेल. हे वाक्य भाषांतरित करताना माझ्या हातून सहज ‘चारचौघांत’ हा शब्द उमटला. सापेक्ष दारिद्र्याला आपल्याकडे शब्द नाही असे नाही. चारचौघांत जाता न येणे, हाच तो. तो एका शब्दात कसा बांधावा, एवढेच कळत नाही.

दुधनाकाठ

सदऱ्यावरून आठवले म्हणून लिहितो, आणि माझ्याच आधीच्या म्हणण्याला यामुळे बाधा येते हे मला कळते. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत आम्हा शिक्षकांनाही घरोघर पाठवले होते. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण जितके कमी तितके कुटुंब गरीब. त्यांत एक प्रश्न माणशी कपडे किती, हा होता. दोरीवर वाळत घातलेली लुगडी मी मोजली आहेत. दुसरा प्रश्न घरातल्या वस्तूंचा. रंगीत टीव्ही किंवा फ्रिज आढळला की सर्वाधिक गुण. आमच्या वस्तीतल्या एका विधवेच्या घरी पुण्याला गेलेल्या भावाने आणून दिलेला जुना रंगीत टीव्ही होता. वीज कापलेली होती आणि टीव्हीवर पोरांची दप्तरे ठेवलेली होती. मी चार गुण लिहिले, कारण रकान्यात तसेच होते. पुढे यादी लागली, तेव्हा तिचे नाव दारिद्र्यरेषेच्या वर गेले. दारात उभी राहून तिने मला एवढेच विचारले, “गुरुजी, मी गरीब नाही का?” तुमच्या मुद्रितशोधक बाईंचा फ्रिज आणि आमच्या रकान्यातला टीव्ही एकच आहे, हे आज तुमचे वाचताना लक्षात आले. तरीही म्हातारीसाठी वेगळा शब्द हवा, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

मोडीवाचक

वेगळा शब्द आहेच : अठराविश्वे दारिद्र्य. आमचे आजोबा सांगत की अठरा गुणिले वीस म्हणजे तीनशे साठ. वर्षाचे सगळे दिवस ज्या घरात दारिद्र्य आहे, ते अठराविश्वे. गुरुजींच्या म्हातारीला हाच शब्द शोभतो.

तळटीप

मी वेगळे ऐकले आहे. बिघ्याचे वीस विसवे असतात. त्या हिशेबाने वीसांपैकी अठरा भाग दारिद्र्य आणि दोनच भाग बाकीचे काही, असा अर्थ निघतो. हा अर्थ खरा असेल तर आपल्या पूर्वजांनी दारिद्र्य टक्केवारीत मोजले होते! ब्रिटनमध्ये आज मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या साठ टक्क्यांखाली जो आहे, त्याला सापेक्ष दरिद्री धरतात. मोजण्याची रीत तीच.

धातुरूप

‘सापेक्ष दरिद्री’ कृपया लिहू नये. ‘दारिद्र्य’ हे नाम सभ्य आहे, पण ‘दरिद्री’ हे विशेषण मराठीत शिवी झाले आहे. उलट ‘गरीब’ला मवाळपणाची छटा आहे, गरीब गाय, गरीब स्वभावाची सून. आणि गंमत नव्हे, अगदी गांभीर्याने सांगतो : अरबीतला ‘गरीब’ मुळात परका, परदेशी. ‘दरिद्रा’ हा संस्कृत धातू अनेक अभ्यासक ‘द्रा’ म्हणजे धावणे, भटकणे यापासून लावतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी घरदार नसलेला माणूस उभा आहे.

मोडीवाचक

विसव्याचा अर्थ मला मान्य नाही. बिघा-विसवा हा मोजणीचा शब्द आहे. तो दारिद्र्याला कोण लावील? आजोबा पाटीलकीची दप्तरे वाचत असत.

तळटीप

ज्याची जमीन गेली त्याचे दारिद्र्य जमिनीच्याच मापाने मोजले जाणार.

दुधनाकाठ

लेस्टरकर ताई, एक विचारायचे राहिले. तांदूळ परत करणारा तो माणूस स्वतःला काय म्हणवतो?

लेस्टरकर

गुरुजी, स्वतःला गरीब म्हणवणारे माणूस मला तेथे क्वचितच भेटले. ‘स्ट्रगलिंग’ म्हणतात, बहुतेकदा तेही नाही, ‘या आठवड्यात जरा अडचण झाली’ एवढेच. आपल्याकडचे कसे?

दुधनाकाठ

आमच्याकडेही नाही. रेशन दुकानाच्या रांगेत ‘माझे कार्ड पिवळे आहे’ म्हणतील, आणि घरी विचारले तर म्हणतील, “भागत नाही, गुरुजी.”

वहीपान

‘भागत नाही.’ हे मी वहीत उतरवून घेतले आहे. दोन्ही देशांतल्या दोघींच्या तोंडी घालता येईल. परंतु त्याचे नाम कसे करावे?

मोडीवाचक

‘भाग’ म्हणजे वाटा, त्यापासून भागणे : वाट्याला पुरेसे येणे. आणि थकूनभागून आलेल्या माणसातले ‘भागणे’ हेच की वेगळे?

धातुरूप

माझ्या मते वेगळे. ते ‘भग्न’कडून आले असावे. उद्या कोश पाहून लिहितो.