मदत हवी आहे: रानडुकरांसाठी थर्मल स्कोप आणि .२२३ ची गोळी

नमस्कार मंडळी. टेक्सासात ब्रेनहॅमजवळ आमची पंचवीस एकर जागा आहे. गवताचं रान, कडेला ओढा, पिकॅनची वीसेक झाडं. डुकरांनी गवत असं उकरून ठेवलंय की ट्रॅक्टरवर बसलं की दात वाजतात. कोकणात आजोबा रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचे. इथली डुकरं डब्याला भीक घालत नाहीत.

कायद्याचं बघून झालंय. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकरांसाठी २०१९ पासून इथे शिकारीचा परवाना लागत नाही, रात्रीही चालतं. तेव्हा 'मारूच नका' हा सल्ला कृपया नको.

शनिवारी मित्राचा ३८४ सेन्सरवाला (म्हणजे चित्राच्या रुंदीत ३८४ ठिपके) थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता टिपून अंधारात जनावर दाखवणारा बंदुकीवरचा स्कोप, उसना घेऊन पिकॅनखाली बसलो. नव्वदेक यार्डांवर मोठा नर आडवा उभा. हरणाला धरतात तसा खांद्याच्या मागे, अंगाच्या मध्यावर नेम धरला. थप्प असा आवाज आला आणि तो सरळ ओढ्यात उतरला. सकाळी रक्ताचे चार थेंब, पुढे माग नाही. जखमी जनावर तसंच गेलं, हे काही डोक्यातून जात नाही. रायफल .२२३ ची, म्हणजे बारीक गोळीची; गोळी ५५ ग्रेन (वजनाचं माप) फुल मेटल जॅकेट, म्हणजे वरून पूर्ण धातूने मढवलेली, रेंजवरच्या सरावाची स्वस्तातली.

गोळी बदलू की थेट जास्त ताकदीची .३०८ रायफल घेऊ? थर्मल ३८४ चा पुरेल की ६४० च घ्यावा? शेजाऱ्याची वासरं कुंपणालगतच असतात, म्हणून जास्त धास्ती. शिवाय मावसभाऊ एच-वन-बीवर आहे, त्यालाही यायचंय.

प्रतिसाद:
थर्मलला दोष देऊ नका. ती गोळी फुलण्यासाठी बनवलेलीच नसते, बऱ्याचदा बारीक भोक पाडून आरपार जाते. कोल्ह्यांसाठीची पटकन फुटणारी गोळीही नको. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड चिवट कवच असतं, ती तिथेच भुगा होते. .२२३ राहू द्या. ६२ ग्रेनच्या आसपासची बॉन्डेड सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, फुलली तरी तुकडे न होणारी) किंवा बार्न्स टीएसएक्ससारखी अख्ख्या तांब्याची घ्या. आणि डुकराचं हृदय हरणापेक्षा खाली नि पुढे असतं. पुढच्या पायाच्या रेषेत वर या, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबा.

नेमापुरता ३८४ चालेल, पण वासरू की डुक्कर हे बंदूक रोखून स्कोपमधून बघायचंच नाही. हातात धरायचा वेगळा थर्मल मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण) घ्या. नवीन गोळीवर पुन्हा झीरो करा, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडेल असा स्कोप जुळवा. कागदावरचं वर्तुळ थर्मलला दिसत नाही, मध्यभागी हँड वॉर्मर चिकटवा.

भावाचं मात्र सांभाळा. एच-वन-बीवर बंदूक हाताळायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, त्यातून सुटायला वैध शिकार परवाना लागतो. म्हणजे डुकरासाठी तुम्हाला नको, पण त्याला हवा.

धागाकर्ता:
धन्यवाद! तांब्याची पेटी मागवली. भाऊ परवाना काढतो म्हणाला, पण सोलायला हात लावणार नाही.

प्रतिसाद:
तुम्हीही रबरी हातमोज्यांशिवाय लावू नका. ब्रुसेलोसिस होतो.