मदत हवी आहे: लोकरीला कसर लागली, दुकानातला माल कसा वाचवू?

लोकरवाली_फोंडा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

फोंड्याला बाजारापासून जरा आतल्या रस्त्याला आमचं लोकरीचं आणि क्रोशाच्या दोऱ्याचं दुकान आहे. सासूबाईंनी चालू केलं, त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून म्हणजे सहा वर्षं मी बघतेय. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन भिंतींना लाकडी फळ्या, एक जुनं काचेचं कपाट आणि मधे चार खुर्च्या. गोव्यात लोकर कोण घेतं असं सगळेच विचारतात, तर घेतात. बाळंतविड्याला टोपडं, मोजे, स्वेटर लागतातच, बोटीवर जाणाऱ्यांना कानटोप्या लागतात, आणि आता तर किती घरांतली मुलं इंग्लंडला आहेत, स्विंडनला तर आपली गोव्याची खूप माणसं, त्या नातवंडांसाठी इथल्या आज्या विणतात.

आता अडचण. गणेश चवथीला आम्ही सगळी सत्तरी तालुक्यात मूळ घरी गेलो, सात दिवस शटर बंद, पाऊस नुसता कोसळत होता. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक मावशी आल्या, नातवासाठी प्युअर लोकर हवी होती, ऑफव्हाइट. खालच्या फळीवरचा गुंडा काढला, टोक ओढलं तर वीतभर दोरा आला आणि तुटला. परत ओढला, परत तुटला. मला वाटलं दोराच कच्चा आलाय. गुंडा उलटा केला तर तळाला खसखशीएवढे कण, पांढरट जाळी, आणि त्या जाळीत तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक अळी हलत होती. शेजारच्या मरून गुंड्यातले कण मरूनच होते, म्हणजे लोकर खाऊन तोच रंग पडलेला. मावशींसमोर इतकं वाईट वाटलं मला.

अकरा गुंडे पार गेले. बाकीचे वरून बरे दिसतात पण आता विश्वास नाही. मी घाबरून सगळ्या फळ्यांवर डांबराच्या गोळ्या टाकल्या, आता सगळ्या मालाला तोच वास. होलसेलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो माल इथून चांगला गेला, परत घेणार नाही.

तर विचारायचं असं की बाकीची लोकर वाचेल का, कशी? ॲक्रिलिकचे गुंडे त्याच फळीवर होते, तेही टाकायचे का? सासूबाईंच्या वेळचे चाळीसेक गुंडे आहेत ज्यांची लेबलंच गेलीत, त्यांत लोकर कुठली आणि ॲक्रिलिक कुठलं ते कसं ओळखायचं? आणि मुख्य म्हणजे आपल्या हवेत प्युअर लोकर ठेवावी का? आमचे हे म्हणतात ॲक्रिलिक आणि कॉटन ठेव, डोक्याचा ताप जाईल. हिशेबाने त्यांचं बरोबर असेल, पण माझं मन होत नाही. लोकर हातात जिवंत लागते हो. टाका थोडा सैल पडला, थोडा घट्ट पडला तरी धुतल्यावर ती सगळं सांभाळून घेते, रिब म्हणजे काठाची उलट-सुलट टाक्यांची पट्टी ताणली की परत जागेवर येते. कॉटन तसं करत नाही, जड असतं, मोठ्या माणसाचा स्वेटर केला की दोन-तीनदा घालून खाली लोंबायला लागतो. बाळाचं झबलं, टेबलावरची जाळी, तोरण यांना कॉटन उत्तमच, पण म्हणून लोकर काढूनच टाकायची हे जिवावर येतं.

अजून एक, वेगळा धागा काढत नाही. दुपारी खुर्च्यांवर बायका, मुली येऊन बसतात, विणतात, मला फार आवडतं ते. पण हल्ली निम्म्या जणी दोरा ऑनलाइन मागवतात आणि अडलं की माझ्याकडे येतात. एक कॉलेजची मुलगी माझ्याकडून आठ नंबरच्या सुया घेऊन गेली, महिन्याभराने रडवेली होऊन आली, स्वेटर लहान झाला. पॅटर्न अमेरिकन होता, त्यांची आठ नंबर म्हणजे ५ मिलीमीटर आणि आपल्याकडची जुन्या ब्रिटिश मापाची आठ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर. क्रोशातही तेच, अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात. हे समजवायला अर्धा-अर्धा तास जातो आणि गल्ल्यात काही येत नाही. फी लावावी का? लावली तर बायका यायच्या बंद होतील का? मोकळेपणाने सांगा.

---

क्रोशा_म्हापसा

ताई, आधी श्वास घ्या, सगळं गेलेलं नाही. कसर म्हणजे एका छोट्या पतंगाची अळी. खाते ती अळी, मोठा झालेला पतंग काही खात नाही, तो फक्त अंडी घालतो. आणि प्राण्यांपासून आलेला धागा खाते, लोकर, रेशीम असं. निव्वळ ॲक्रिलिकवर ती जगू शकत नाही, ते टाकू नका, पण लोकर मिसळलेलं असेल तर ते लोकरच समजा. ॲक्रिलिकचे गुंडे एकेक झटकून वेगळ्या पेटीत ठेवा, म्हणजे चिकटलेली अंडी बरोबर जाणार नाहीत.

लोकर घट्ट प्लॅस्टिक पिशवीत, हवा काढून, डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ डिग्री लागतं, आणि घरच्या फ्रिजचं काही सांगता येत नाही म्हणून मी निदान दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी लोकरीवरच जमतं. ही एक गोष्ट लोक विसरतात आणि मग बुरशी आली म्हणून बोंबलतात.

फळ्यांच्या फटी व्हॅक्यूमने साफ करा, अंडी तिथेच असतात. आणि तळाची फळी सात दिवस बंद अंधारात होती ना, कसरीला हेच हवं असतं. माल हलवत राहा.

---

सिस्टर_मडगाव

मी नर्स आहे म्हणून फक्त एका गोष्टीवर लिहिते. डांबराच्या गोळ्या आजच काढा, विशेषतः बाळंतविड्याच्या लोकरीजवळच्या. त्यात नॅप्थॅलीन असतं. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी या गोळ्यांमुळे फुटतात आणि कावीळ भयंकर वाढते. आणि कुठल्या बाळात ते कमी आहे हे आईला बहुतेक वेळा माहीतच नसतं. गोळ्यांत ठेवलेले जुने कपडे न धुता बाळाला घालतात ना, तेच धोक्याचं. ज्या गुंड्यांना वास लागलाय ते बाळासाठी विकूच नका, मोठ्यांच्या वस्तूंना द्या, तेही वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवून.

---

हातमाग_सोलापूर

लेबल नसलेल्या गुंड्यांचं सोपं आहे. बोटभर दोरा चिमट्यात धरून पेटवा, खाली ताटलीत पाणी ठेवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते, राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा टणक मणी होतो. कॉटन कागदासारखं जळतं, राख मऊ. मिक्स असेल तर दोन्ही दिसतं, थोडी राख आणि थोडा मणी. चाळीस गुंडे म्हणजे एका दुपारचं काम आहे.

कॉटनवर गेलं की ताप जाईल असं मात्र समजू नका. कसर नाही आली तरी दमट हवेत कॉटनला बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत.

---

आजोळ_डिचोली

आमच्याकडे आजी कपाटात बल्ब लावून ठेवायची चार महिने, जुना पिवळा बल्ब, कपड्यांपासून लांब. आतली हवा कोरडी राहायची. आता एलईडी गरम होत नाहीत त्यामुळे तो उपाय गेला, पण सिलिका जेलच्या पुड्या मिळतात, गरम करून परत वापरता येतात. कडुलिंबाचा पाला आम्हीही ठेवतो पण आत गेलेली अळी त्याने मरत नाही. आणि कुणी ऊन दाखवा म्हणेल तर दाखवा, अळ्या उन्हाने बाहेर पडतात, पण गडद रंग उडतात हे लक्षात ठेवून.

फीबद्दल, लावा ताई. शिवणाचा क्लास कुणी फुकट घेतं का?

---

पणजीची_विणकरीण

मी थोडं वेगळं म्हणेन. बसायला पैसे लावू नका, शिकवायला लावा. खुर्च्या आहेत म्हणून तर लोक तुमच्याकडे येतात, ऑनलाइनवाल्याकडे खुर्ची नाही. आठवड्यातली एक दुपार शिकवण्याची ठरवा, फी घ्या, आणि तुमच्याकडून दोरा घेतला तर फी कमी करा. आणि सुयांच्या मापांचा तक्ता भिंतीवर लावा, नंबर आणि मिलीमीटर दोन्ही, तुमचा निम्मा वेळ वाचेल.

---

लोकरवाली_फोंडा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण करून बघूनच सांगायचं होतं.

सिस्टर, तुमचं वाचलं त्या रात्रीच गोळ्या काढल्या. वास लागलेली सगळी बाळलोकर वेगळी काढून वर चिठ्ठी लावलीय, मोठ्यांसाठीच. एक गिऱ्हाईक आधीच गुंडा घेऊन गेली होती, तिला घरी जाऊन सांगून आले, दुसरा गुंडा दिला.

दोरे जाळायचं काम सासूबाईंनी स्वतः केलं, खुर्चीत बसून, ताटली मांडीवर. पहिल्या दोन-तीनदा मला वास कळेना, त्या मात्र डोळे मिटून सांगायच्या, ही लोकर, हे नाही. चाळीसातले सतरा प्युअर निघाले. त्यातला एक मोरपंखी गुंडा हातात धरून त्या बराच वेळ बसल्या, म्हणाल्या हा तुझ्या नवऱ्याच्या स्वेटरातला उरलेला, तो दुसरीत होता तेव्हाचा. तो विकायचा नाही असं ठरलंय.

फ्रीझर शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्या काकांचा मिळाला, आमच्यात बांगडे होते. पहिली फेरी झाली, पिशव्या दीड दिवस तशाच ठेवून मग उघडल्या, एकही जिवंत अळी दिसली नाही. प्युअर लोकर ठेवायचीच असं ठरवलं, पण जूनच्या आधी माल कमी करायचा, पावसाळ्यात सहा-सात रंगच ठेवायचे, झाकणाच्या डब्यांत, एकेका लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, गुंडे एकत्र, कारण लॉट बदलला की रंगात फरक पडतो आणि अर्ध्या स्वेटरावर ते कळतं. ह्यांनाही हे पटलं.

गुरुवारी ३ ते ५ शिकवणं सुरू केलंय, शंभर रुपये, दोरा इथून घेतला तर पन्नास. पहिल्या गुरुवारी फक्त तिघी आल्या. त्यात ती कॉलेजची मुलगी, स्वेटर उसवून नव्याने विणायला घेतलेला. तिचा एक टाका दहा ओळी खाली सुटला होता, शिडीसारखी उभी फट पडलेली, ती परत सगळं उसवायला निघाली. आमच्याकडे एक ख्रिश्चन आजी येतात, लहानपणी नन्सकडे क्रोशा शिकलेल्या, अल्ताराच्या कापडाच्या झालरी करतात. त्यांनी तिच्या हातातून स्वेटर घेतला, सुलट बाजू वर केली, क्रोशाची सुई त्या सुटलेल्या टाक्यात घातली आणि आडवा धागा एकेक करून ओढून घेत वर नेला, दहाच्या दहा पायऱ्या, आणि टाका परत सुईवर ठेवला. कुठे सुटला होता ते शोधून सापडेना. मुलगी म्हणाली, म्हाका शिकय गो आजी. आजींनी मुद्दाम एक टाका परत सोडला आणि सुई तिच्या हातात दिली.

मी त्या दिवशी आजींकडून पैसे घेतले नाहीत, आणि यापुढे त्यांना शिकवण्याचे द्यायचे का हा विचार चाललाय. कुणी असं करत असेल तर किती देता ते सांगा.

चौदा गुंडे बाकी आहेत, सोमवारी दुसरी फेरी काकांच्या फ्रीझरमध्ये टाकतेय.