कौटुंबिक सहलीला ‘विश्रांती’ म्हणणे थांबवावे का?

पाऊलवाट (धागाकर्ता)

चार-आठ दिवस घरच्या माणसांसह कुठेतरी जाऊन येण्याला आपण ‘विश्रांती’ म्हणतो. सहलीतली निम्मी भांडणे या एका चुकीच्या शब्दातून जन्माला येतात असे माझे मत आहे, आणि ते खोडून काढणारे प्रतिसाद आले तर मला आवडेल.

एरवी घरातली माणसे दिवसातून जेमतेम दोन-तीन तास एकमेकांच्या वाट्याला येतात, आणि तेवढ्यातही प्रत्येकाचा एखादा कोपरा, एखादी ठरलेली वेळ असते. सहलीत तीच माणसे सोळा-सोळा तास एका खोलीत नाहीतर एका गाडीत असतात. झोपेची वेळ, भुकेची वेळ, चालण्याचा वेग यांतले जे फरक घराच्या भिंतींनी आजवर झाकलेले असतात, ते सगळे तिथे उघडे पडतात. त्यात एखाद्याने ‘मी जरा पडतो, तुम्ही जाऊन या’ म्हटले की तो अरसिक ठरतो, कारण एवढे पैसे भरून, एवढ्या लांब येऊन झोपायचे कसे?

पैसे भरले म्हणून मजा केलीच पाहिजे, या हट्टाचा अभ्यास झालेला आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांपुढे एक कल्पित पेच ठेवला होता. बर्फावरच्या दोन सहलींची तिकिटे तुम्ही काढली आहेत, एक शंभर डॉलरचे आणि दुसरे पन्नासचे. पन्नासवाल्या सहलीत अधिक मजा येईल असे तुम्हाला वाटते. मग लक्षात येते की दोन्ही एकाच वेळी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी कमी मजेची, पण महागडी सहल निवडली. भर दुपारी कंटाळलेल्या पोरांना ओढत ‘अजून एक ठिकाण राहिले आहे’ म्हणणारा बाप याहून वेगळे काय करत असतो?

राहिला विश्रांतीचा दावा. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली १,५३० प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांपैकी ९७४ जण सहलीला जाऊन आले होते. निघण्यापूर्वी ही मंडळी घरी राहिलेल्यांपेक्षा अधिक आनंदी होती. परतल्यावर मात्र दोन्ही गटांत सर्वसाधारणपणे फरक उरला नाही. अपवाद होता तो सहल अतिशय निवांत गेली असे सांगणाऱ्यांचा, आणि त्यांचाही वाढीव आनंद काही आठवड्यांत ओसरला. म्हणजे खरा लाभ बेत आखण्याच्या दिवसांतच पदरी पडतो. सहलीला खुशाल ‘उपक्रम’ म्हणावे आणि विश्रांतीसाठी वेगळी रजा काढावी.

तिरपी रेघ

तुमची मोजपट्टीच चुकली आहे. परतल्यानंतरच्या आठवड्यात माणूस किती आनंदी आहे यावरून सहलीचे मोल ठरवणे म्हणजे बी पेरल्याच्या आठवड्यात पीक मोजण्यासारखे आहे. घराबाहेर पडायचे ते पुढे वर्षानुवर्षे सांगता येईल असे काही हाती लागावे म्हणून.

टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली तीन प्रसंगांचा अभ्यास मांडला, त्यांत कॅलिफोर्नियातील तीन आठवड्यांची सायकल सहलही होती. लोकांनी निघण्यापूर्वी बाळगलेली अपेक्षा आणि परतल्यावर केलेले मूल्यमापन, दोन्ही प्रत्यक्ष प्रवासातल्या अनुभवापेक्षा गुलाबी निघाले. वाटेतली चिडचिड, दमणूक, छोट्या-मोठ्या निराशा स्मृतीने गाळून टाकल्या. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. घर म्हणून आपल्याला एकत्र बांधतात त्या आठवणी अशाच गाळून आलेल्या असतात.

ही गाळणी कशी चालते, हे डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगातून कळते. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ धरून वर आणखी ३० सेकंद धरला, मात्र त्या वाढीव वेळेत पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले गेले. यातले काय पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी, म्हणजे एकूण त्रास अधिक असलेली खेप निवडली, कारण तिचा शेवट सौम्य होता. स्मृती तास मोजत नाही, ती तीव्रतेचा क्षण आणि शेवट धरून ठेवते. तेव्हा नाव बदलण्याची गरज नाही. शेवटचा दिवस धावपळीचा न ठेवला तरी पुष्कळ साधते.

गाठोडे

तिरपी रेघ, आपले म्हणणे मोहक आहे, पण ही गाळणी नेमके काय गाळते ते आपण पाहिलेले दिसत नाही.

माझ्या घरच्या सहलींच्या आठवणीत समुद्र आहे, धबधबा आहे, गाडी बंद पडल्यावरचे हसू आहे. मात्र औषधांची पिशवी कुणी भरली, धाकट्याला गाडी लागते म्हणून पुढची जागा कुणी राखून ठेवली, सासूबाईंना किती जिने चढावे लागतील हे आधी फोन करून कुणी विचारले, याची आठवण घरात माझ्याखेरीज एकालाही नाही. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली अशा कामाची चार अंगे सांगितली: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि पुढे सारे नीट होते आहे ना यावर लक्ष ठेवणे. त्यांनी अभ्यासलेल्या जोडप्यांत पहिले आणि शेवटचे काम बहुतेक करून बाईच्या वाट्याला आलेले होते, निर्णय मात्र दोघे मिळून घेत. ही दोन कामे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे ती स्मृतीतही उरत नाहीत.

म्हणून स्मृतीच्या नावाने सहलीचे समर्थन झाले की मला धास्ती वाटते. तीच स्मृती पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेने पाठवते. डेरिक वर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विद्यार्थ्यांच्या सुट्टीचा अभ्यास केला, तेव्हा अशी सुट्टी पुन्हा घ्यावीशी वाटेल का, हे त्या वेळी घेतलेल्या आनंदावरून ठरत नव्हते, नंतर आठवणाऱ्या आनंदावरून ठरत होते. एकाच्या अंगावरचे ओझे सर्वांच्या आठवणीतून पुसले गेले, तर ते कमी करण्याचे कुणाला सुचणार?

धागाकर्त्यांचा ‘उपक्रम’ हा शब्द मला त्यासाठी पटतो. उपक्रम म्हटले की कामांची वाटणी विचारता येते, विश्रांतीत ती विचारणारी कटकटी ठरते.

दुर्बीण

माझा मुद्दा थोडा कडेचा आहे. सहलीत सगळे जण छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असतात, कुणी काही पाहत नाही, अशी तक्रार इथे येईलच, म्हणून आधीच सांगतो. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या संग्रहालयातील प्रयोगात संपूर्ण वस्तूचे छायाचित्र घेणाऱ्यांना त्या वस्तूचे तपशील कमी आठवले हे खरे, पण वस्तूचा एखादा भाग जवळून टिपणाऱ्यांच्या बाबतीत ते नुकसान दिसले नाही. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, काय टिपायचे ते स्वतः निवडणाऱ्यांची दृश्यस्मृती सुधारली आणि ऐकलेले मात्र कमी लक्षात राहिले. म्हणजे दोष यंत्राला देऊन भागत नाही. फक्त मार्गदर्शक बोलत असेल तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. (हे मला माझ्या मुलाने ऐकवले आहे, फार गोड शब्दांत नाही.)

पाऊलवाट

दुर्बीण, मान्य. तिरपी रेघ यांना मात्र काहनेमन यांचाच एक प्रश्न विचारतो. सहल संपल्यावर सगळी छायाचित्रे नष्ट होणार आहेत आणि एक औषध घेऊन तुम्ही सारे विसरणार आहात असे ठरले, तर तुम्ही हीच सहल निवडाल का? मी तो घरी विचारला. मुलगी म्हणाली, मग मी दिवसभर पाण्यात डुंबत बसेन, एकही जुनी वास्तू पाहणार नाही. तिचे उत्तर ऐकून कळले की आमचा निम्मा कार्यक्रम आमच्या भावी स्मृतीसाठी होता आणि तिच्या आजच्या दिवसाचा आम्ही विचारच केलेला नव्हता.

गाठोडे यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. ओझे वाटून घेण्याआधी जायचे का, हे तरी कुणी खरे बोलते का? व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जेरी हार्वे यांनी १९७४ साली सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. टेक्सासमधील कोलमन येथे रणरणत्या दुपारी सासऱ्यांनी सुचवले की ५३ मैलांवरच्या अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ. पत्नी हो म्हणाली, हार्वे हो म्हणाले, सासूबाईही हो म्हणाल्या. धुळीने माखून परतल्यावर उघड झाले की जायचे कुणालाच नव्हते. सासऱ्यांनी तर बाकीचे कंटाळले असतील म्हणून विषय काढला होता.

तिरपी रेघ

औषधाचा प्रश्न चतुर आहे, पण आठवणीवाचून जगणारे कुटुंब मला कल्पनेतही आणता येत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर माझ्या काही कामाचे नाही. अ‍ॅबिलीनच्या गोष्टीचाही मी उलटा अर्थ लावतो. ती वाया गेलेली दुपार त्या चौघांना जन्मभर आठवली असणार, आणि आज आपणही तिच्यावर बोलत आहोत. सगळ्यांचे खरे मत घेऊनच निघायचे ठरवले तर बहुतेक घरे उंबऱ्यापलीकडे जाणारच नाहीत, कारण ‘तुला काय हवे’ या प्रश्नाला घरात मिळणारे सर्वांत प्रामाणिक उत्तर ‘काहीही चालेल’ हेच असते. कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो आणि त्याच्या माथी थोडा वाईटपणा येतो.

गाठोडे यांचे ओझ्याबद्दलचे म्हणणे मात्र मला टाळता आलेले नाही. मी आठवणींबद्दल एवढे लिहिले, आणि आमच्या घरी सामान कोण बांधते हे मला आठवून पाहावे लागले.

गाठोडे

पुढाकार घेणाऱ्याला वाईटपणा येतो हे खरे आहे, पण पुढाकार आणि निगराणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘चला’ म्हणणारा एकदाच बोलतो आणि त्याचे नाव होते. निगराणी करणारीला ‘चला’ म्हणायला उसंतच मिळत नाही.

येत्या सुट्टीचा सगळा बेत आम्ही थोरल्या मुलाकडे सोपवला आहे. ठिकाण त्याने पाच मिनिटांत ठरवले. दोन दिवसांनी येऊन त्याने विचारले, आई, औषधांची पिशवी कुठे असते? आणि तिच्यात काय काय असते, ते लिहून घ्यायला वही घेऊन बसला.