शब्द सुचवा : चेंबर म्युझिक, टिन्टिनाबुली आणि ‘श्पीगल इम श्पीगल’

प्रश्न

आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यात आर्व्हो पॅर्ट ऐकायचा बेत आहे आणि पत्रक लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (नाव ‘पॅर्ट’च. एस्टोनियन भाषेतला तो स्वर आपल्या अर्धचंद्रात चपखल बसतो, ‘पार्ट’ करू नये.) अडलेले शब्द : ‘चेंबर म्युझिक’ला ‘कक्षसंगीत’ चालेल का? पॅर्टला ‘समकालीन शास्त्रीय संगीतकार’ म्हणू का? त्याच्या शैलीचं नाव ‘टिन्टिनाबुली’, त्याला मराठीत काय? आणि व्हायोलिन-पियानोची त्याची छोटी रचना ‘श्पीगल इम श्पीगल’, तिला ‘प्रतिबिंबातील प्रतिबिंब’ म्हटलं तर?

प्रतिसाद

कक्षसंगीत नको हो! कक्ष म्हटलं की एक तर अतिदक्षता, नाही तर नियंत्रण. ‘बैठकीचं संगीत’ जवळचं वाटेल, पण बैठकीत गाणारा ऐन वेळी रंग भरतो. इथे प्रत्येक स्वर आधी कागदावर लिहिलेला असतो. ‘चेंबर म्युझिक’ तसंच ठेवा आणि ‘मोजक्या वादकांसाठीची रचना’ असं एकदा सांगून टाका.

‘शास्त्रीय’ वाचलं की आपला वाचक राग विचारणार. ‘पाश्चात्त्य अभिजात’ लिहा. ‘संगीतकार’ म्हटलं की चित्रपट आठवतो आणि ‘वाग्गेयकार’ला शब्दही स्वतःचे लागतात. तेव्हा ‘रचनाकार’.

प्रतिसाद

मी व्हायोलिन शिकते, म्हणून शेवटच्या दोन शब्दांबद्दल.

रचना एफ मेजरमध्ये आहे. एफला सा धरा, म्हणजे ए हा आपला शुद्ध गंधार. व्हायोलिन खालून येतं, रे-ग. मग वरून, म-ग. पुढे दर फेरीत ओळ एका स्वरानं लांबते, चढती ओळ झाली की तेवढीच उतरती, आणि प्रत्येक ओळ गंधारावरच येऊन थांबते. पॅर्टनं स्वतः याला बाहेर राहून घरी परतण्याची उपमा दिली आहे. पियानो सगळा वेळ तीन-तीन स्वर खालून वर सोडत असतो, सावकाश, न थकता. बस, आठ-दहा मिनिटं एवढंच. वाजवायला सोपं दिसतं, पण गज जरा थरथरला तरी लपायला जागा नाही.

म्हणून ‘प्रतिबिंब’ मला पटत नाही. प्रतिबिंब एकच असतं. इथे सलूनमधली खुर्ची आठवा : पुढे आरसा, मागे आरसा, आणि आपलं डोकं लहान लहान होत पार आत गेलेलं. ‘आरशात आरसा’ म्हणा. ‘श्पीगल’ म्हणजे आरसा. जर्मन नावात तोच शब्द दोनदा येतो, इथेही येतो.

प्रतिसाद

‘टिन्टिनाबुलुम’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटी घंटा. आपल्याकडे संस्कृतातून आलेली ‘किंकिणी’ अगदी त्याच मापाची आहे. ‘किंकिणी शैली’ कसं वाटतं?

प्रतिसाद

सर, क्षमा असावी, पण किंकिणी म्हटलं की कमरपट्टा डोळ्यांसमोर येतो. घणघण देवळाची, रुणझुण पैंजणांची, टणटण शाळेची. उरते ‘किणकिण’, आणि ती मला आवडते. पण खरी गोष्ट नादापेक्षा रचनेत आहे. त्यात दोन आवाज असतात. एक सप्तकात पायरीपायरीनं चालतो, दुसरा एकाच कॉर्डच्या (एकत्र जुळणाऱ्या स्वरांच्या गटाच्या) तीन स्वरांत राहून त्याला साथ देतो. हा दुसरा आवाज म्हणजे टिन्टिनाबुली. तानपुऱ्याची आठवण होते, पण तानपुरा गाणाऱ्याच्या स्वराप्रमाणे बदलत नाही. इथला साथीचा स्वर मात्र सुरावटीच्या प्रत्येक स्वरासाठी नियमानं ठरतो. तेव्हा मूळ शब्द ठेवून पुढे ‘घंटेच्या किणकिणीवरून’ एवढंच जोडावं.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. आता ‘कारकीर्द’ हा शब्द खटकतोय. कारकीर्द पेशव्यांची असते, आयुक्तांची असते. या माणसाचा जन्म १९३५चा, एस्टोनियातल्या पाइदे गावचा. तरुणपणी रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम केलं, १९६०मध्ये बारा स्वरांच्या पद्धतीनं (बाराही स्वर ठरल्या क्रमानं, ‘सा’ असा कुणीच नाही) ‘नेक्रोलोग’ लिहून सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, १९६८मध्ये ख्रिस्ती श्रद्धा उघड सांगणाऱ्या ‘क्रेडो’वरून पुन्हा वादळ. नंतर आठ वर्षं जवळपास गप्प. तेव्हा जुनं चर्चसंगीत अभ्यासत होता. १९७६मध्ये पियानोसाठी चिमुकलं ‘फ्युर आलिना’ आलं आणि नवी शैली सापडली. ‘आरशात आरसा’ १९७८चं, आणि १९८०मध्ये देश सोडून व्हिएन्ना, तिथून बर्लिन. याला कारकीर्द म्हणू?

प्रतिसाद

‘वाटचाल’ म्हणा. ‘सांगीतिक प्रवास’ मात्र नको, तो सगळ्यांचाच असतो. आणि त्या आठ वर्षांना ‘मौनव्रत’ किंवा ‘अज्ञातवास’ म्हणायचा मोह आवरा. व्रत म्हणावं तर १९७१मध्ये तिसरी सिंफनी लिहिलीच आहे, आणि अज्ञातवासाला अट लागते. ‘मधली शांत वर्षं’ पुरे.

मूळ प्रश्नकर्ती

पहिलं वाक्य असं केलंय : ‘आर्व्हो पॅर्ट या रचनाकाराच्या वाटचालीतली ही १९७८ची रचना. व्हायोलिन आणि पियानो, नाव आरशात आरसा. व्हायोलिन दर फेरीत थोडं लांब जाऊन गंधाराकडे परत येतं, तेवढं ऐका.’ ‘थोडं लांब’ की ‘एक स्वर लांब’?

प्रतिसाद

एक स्वर लांब. लोक मोजतील.